रझांच्या जुन्या जलरंगातला रस्ता: माणसं ठिपके का, आणि आपल्या कागदावर चिखल का

प्रश्न थोडक्यात सांगते. आर्ट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने चित्रकार एस. एच. रझांचं सुरुवातीचं, १९४०च्या दशकातलं एक जलरंग पाहिलं, मुंबईचा रस्ता, प्रिंटमध्ये. ओला रस्ता, दोन्हीकडे इमारती, माणसं म्हणजे नुसते ठिपके, खिडक्या अर्ध्या काढल्यात अर्ध्या सोडून दिल्यात. तिचं म्हणणं असं की सगळे सांगतात यावर इम्प्रेशनिझमचा, म्हणजे बारकाव्यांपेक्षा त्या क्षणाचा उजेड पकडणाऱ्या फ्रेंच चित्रशैलीचा, प्रभाव आहे, पण मला तर ड्रॉइंग कच्चं वाटलं, आणि मी स्वतः नाशिकच्या सराफ बाजारात बसून तसं मोकळं करायला जाते तर दर वेळी रंगांचा चिखल होतो आणि गर्दी हवेत तरंगते. मग त्या चित्रात नेमकं बघायचं काय?

मी तीसेक वर्षं जलरंगात काम करतेय, त्यातली बहुतेक नाशकातच, गोदाघाट, भांडी बाजार, दहीपूल, पंचवटीतल्या गल्ल्या, त्यामुळे या प्रश्नाचे दोन्ही भाग मला जवळचे आहेत आणि ते दोन वेगळे प्रश्न नाहीतच. तुला चित्र कच्चं वाटण्याचं कारण आणि तुझ्या कागदावर चिखल होण्याचं कारण एकच आहे. तू त्या चित्रात मोकळेपणा बघितलास. मोकळेपणा वर दिसतो गं, खाली जोडणी आहे, ती बघ. रस्त्यावरच्या सगळ्या सावल्या एकमेकींना कुठे चिकटल्यात आणि उजेड कुठून कुठे वाहतोय, एवढंच एकदा बोट फिरवून बघ, मग ठिपके का आहेत ते आपोआप कळेल.

आधी ठिपक्यांचं बोलू, कारण तुझी तक्रार दीडशे वर्षं जुनी आहे. १८७४ला पॅरिसमध्ये चित्रकार मोने, पिसारो, रन्वार, देगा वगैरे मंडळींनी नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत पहिलं प्रदर्शन भरवलं, बुलव्हार दे कापुसीन या रस्त्यावर. मोनेने त्याच रस्त्याचं चित्र वरून पाहिल्यासारखं केलं होतं आणि खाली चालणारी माणसं म्हणजे ब्रशचे काळसर फटकारे. लुई लरॉय नावाच्या टीकाकाराने त्याची टर उडवली, की ही खाली जिभेने चाटल्यासारखी काळी काळी काय आहेत, मी चालताना असा दिसतो का. त्याच लेखातून इम्प्रेशनिस्ट हे नाव चिकटलं. पण तू स्वतः कधी रविवार कारंजावर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघ. तुला नाक डोळे दिसतात का? शर्टाचा रंग दिसतो, अंगाचा कल दिसतो, पायाखालची सावली दिसते. मोनेने दिसलं तेवढंच ठेवलं आणि जे फक्त माहीत होतं ते सोडून दिलं. पिसारोने तर १८९७ला मोंमार्त्रच्या बुलव्हारची हॉटेलच्या खिडकीतून १४ चित्रं केली, सकाळ, पाऊस, धुकं, ऊन, रात्र. रस्ता तोच. इमारती त्याच. बदलली ती हवा, आणि चित्राचा विषयही तीच होती.

आता हे मुंबईत कसं आलं ते थोडक्यात, कारण रझांचं ते चित्र असंच हवेतून पडलेलं नाही. मंडला जिल्ह्यातला जन्म, १९२२चा, मग नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, मग मुंबईत ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत डिझायनरची नोकरी आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात चित्र, म्हणजे समोरचा रस्ता हाच सगळ्यात हाताशी असलेला विषय. त्यात वॉल्टर लँगहॅमर भेटले. व्हिएन्नाचे चित्रकार, नाझींच्या भीतीने १९३८ला देश सोडून मुंबईत आलेले, टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टर. त्यांच्याकडे तरुण चित्रकारांची ये-जा असायची, युरोपातल्या चित्रांचे प्रिंट बघायला मिळायचे, रंगावर बोलणं व्हायचं. आपल्याकडे जलरंगाचा हात आधीपासून तयार होताच हे विसरू नकोस. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, सावंतवाडीकडचे हळदणकर, ही माणसं जलरंगात काय करून गेलीत ते बघितलं की थक्क व्हायला होतं. इंदूरला देवळालीकरांकडे शिकलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रेही त्याच सुमारास उघड्यावर बसून उजेडाच्या मागे लागले होते. म्हणजे हात आपला होता, डोळ्याला नवीन सवय लागली. आपल्या नाशकात शिवाजी तुपे सरांनी घाट आणि वाडे रंगवले त्यातही तुला ही सवय दिसेल, दगडापेक्षा दगडावरचं ऊन आधी.

पण इथे एक गोची आहे जी पुस्तकात फारशी कुणी सांगत नाही. इम्प्रेशनिस्ट मंडळींचं बहुतेक काम तैलरंगात. तैलरंगात ऊन कसं येतं? पांढरा मिसळलेला जाड रंग गडदवर वरून ठेवला की ऊन आलं, नाही आवडलं तर खरवडा, परत ठेवा. पारदर्शक जलरंगात हे सगळं उलटं. आपला उजेड म्हणजे कागद, तो आधीपासून तिथे आहे, आपण फक्त तो घालवू शकतो. म्हणजे मोने जे शेवटी ठेवतो ते आपल्याला पहिल्या मिनिटाला ठरवून राखावं लागतं. त्यामुळे जलरंगात इम्प्रेशनिस्ट पद्धतीने रस्ता करायचा म्हणजे नुसती ब्रशची फटकेबाजी उचलून चालत नाही, विचाराचा क्रमच फिरवावा लागतो, आणि तरुण वयातला रझा हे त्या कागदांवर सोडवत होता. कधी पारदर्शक, कधी वरून थोडा अपारदर्शक रंग घेऊन. हे डोक्यात ठेवून चित्र परत बघ, मग अर्धी सोडलेली खिडकी घाईने राहिली असं वाटणार नाही, त्या भिंतीवर ऊन आहे आणि उन्हात खिडकीची चौकट डोळ्याला खरंच पुसट दिसते.

तुझ्या मोबाइलवर प्रिंटचा फोटो काढ आणि ब्लॅक अँड व्हाइट कर. रंग गेले की तीन चारच टोन, म्हणजे फिक्या-गडदाच्या पायऱ्या, उरतील. आकाश आणि उन्हातला भाग फिका, लांबच्या इमारती मधल्या, जवळची सावलीतली बाजू गडद, आणि अगदी थोड्या जागी सगळ्यात गडद. आता तो गडद आकार कुठे तुटतो ते शोध. चांगल्या रस्त्याच्या चित्रात तो इमारतीवरून खाली उतरतो, रस्त्यावर आडवा पडतो, गाडीच्या खालून जातो, समोरच्या ओट्यावर चढतो आणि मधली दोन चार माणसं त्याच आकारात विरघळलेली असतात. इमारत, रस्ता, गाडी, माणूस अशा चार वस्तू नाहीत त्या. एक आकार आहे. हाच आकार पक्का असला म्हणून वरचे ठिपके चालतात, हा नसेल तर कितीही नीट काढलेली माणसं हवेत तरंगतात.

ओल्या रस्त्याचं अजून एक, कारण तुझ्या चित्रात तू इथे चुकतेस असं तुझ्या वर्णनावरून वाटलं. सावली आणि प्रतिबिंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावली सूर्य जिकडे ढकलेल तिकडे जाते. प्रतिबिंब कायम तुझ्याकडेच येतं, सरळ खाली, उभं. पावसाळी ढगाळ दिवशी ठळक सावली पडतच नाही, फक्त प्रतिबिंबं असतात, म्हणून मुंबईच्या पावसाच्या चित्रात उभे फराटे जास्त दिसतात आणि उन्हाच्या चित्रात आडवे. आणि प्रतिबिंबात फिकी वस्तू किंचित गडद होते, गडद वस्तू किंचित फिकी. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब पांढरं सोडलंस तर रस्ता आरशासारखा होतो, डांबराचा राहत नाही.

आता तुला कच्चं वाटलं त्याबद्दल. तू ते लपवलं नाहीस हे बरं केलंस, कारण त्यात थोडं तथ्य आहे. १९४८ला काश्मीरमध्ये रझांना ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले, तो मोठा फ्रेंच फोटोग्राफर, त्यांनी चित्रं बघून सांगितलं की तुझ्यात गुण आहेत पण चित्रात बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास कर. रझांनी ते मनावर घेतलं, फ्रेंच शिकले, १९५०ला स्कॉलरशिपवर पॅरिसला गेले. म्हणजे उजेड, रंग, हवा हे सगळं हाती आलं होतं आणि इमारतीचं वजन, रस्त्याचा सांगाडा कमी पडत होता, हे त्यांना स्वतःलाही पटलं असणार. पण वजन कमी असणं वेगळं आणि ड्रॉइंग न येणं वेगळं. जे. जे.मध्ये त्या काळी ड्रॉइंग किती घासून घ्यायचे ते जुन्या लोकांना विचार. मला स्वतःला या कागदांमधली हवा फार आवडते, आणि त्यांच्याकडे बिंदूच्या, म्हणजे रझांच्या नंतरच्या प्रसिद्ध काळ्या वर्तुळाच्या, आधीची तयारी म्हणून बघणं मला पटत नाही. बिंदू खूप नंतरचा. या चित्रात एक पंचविशीतला माणूस नोकरी सांभाळून मुंबईच्या ओल्या रस्त्याकडे जीव लावून बघतोय, ते तेवढंच म्हणून बघावं.

मग चिखल. तू लिहिलंस की दर वेळी होतो, तर मी अंदाजाने सांगते, तू फिका फिका सुरू करतेस, मग सावली कमी वाटते म्हणून वरून अजून एक हात, मग अजून एक, आणि मधला हात अर्धा ओला असतानाच. बरोबर ना? चिखल बहुतेक वेळा रंगाच्या मिश्रणाने होत नाही, तिसऱ्यांदा त्याच जागी गेल्याने होतो. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या पसरट हातात, ब्रश घातला की खालचा रंग उठतो, वरचा बसत नाही, दोन्ही मरतात. एक तर पूर्ण ओलं असताना जा किंवा हाताच्या पाठीने थंडावा लागत नाही इतकं वाळल्यावर जा, मधे हात बांधून बस. आणि सावलीचा टोन पहिल्याच फटक्यात हवा तेवढा गडद घे. जलरंग वाळला की फिका पडतो, त्यामुळे ओला असताना तो तुला जास्त गडद, जवळपास चुकीचा वाटला पाहिजे. इथे धीर लागतो. मला हे जमायला चार पाच वर्षं लागली, तोपर्यंत माझ्या सगळ्या चित्रांत दुपारी ढग आल्यासारखा उजेड असायचा.

मी सराफ बाजाराच्या उतारावर कसं करते ते सांगते, म्हणजे क्रम कळेल. कागद पाव इम्पीरियल, ११ बाय १५ इंच, ३०० जीएसएमचा कॉटन, यात कंजूसी करू नकोस, रंग स्टुडंट क्वालिटीचे चालतील पण कागद नको. पातळ कागद फुगतो, पाणी खड्ड्यात साचतं आणि कॉलीफ्लॉवर, म्हणजे फ्लॉवरसारख्या कडांचे डाग, उठतात. रंग सहा सात बस. यलो ऑकर (मातकट पिवळा), एक स्वच्छ पिवळा, लाइट रेड किंवा बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी), अलिझारिन (गडद लाल), आणि अल्ट्रामरीन, कोबाल्ट हे दोन निळे. काळा डब्यातच नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट घेतले की त्याहून चांगला गडद मिळतो, आणि थोडं इकडे तिकडे केलं की गरम ग्रे, थंड ग्रे दोन्ही.

सकाळी साडेआठच्या आसपास बसते. पेन्सिल पाच मिनिटं, घरांच्या कडा, उतार, डोळ्याची पातळी आणि सावलीची कड. सावलीची कड पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलने पक्की करायचीच, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तू मागे धावलीस तर चित्रात तीन वेगळ्या वेळा येतात. मग पहिला वॉश, सगळ्या कागदावर एकदम, आकाशात कोबाल्टचा पुसट, खाली येताना ऑकर आणि जरासा लाल, रस्त्यावर परत थोडा थंड. कोरडं सोडायचं ते फक्त चार पाच जागी, कुणाचा सदरा, टपरीवरची ताडपत्री, पितळी हंड्याच्या कडेवरची चमक. हा वॉश पूर्ण वाळू द्यायचा. एप्रिलमध्ये पाच मिनिटांत वाळतो, जुलैत अर्धा तास तसाच बसून राहतो आणि तोवर चहा होतो.

मग सावली, एकाच दमात, १२ नंबरचा गोल ब्रश, डब्यात आधीच भरपूर मिश्रण करून ठेवलेलं, मधे रंग संपला तर कड पडते. अल्ट्रामरीन, अलिझारिन, थोडा सिएना. डावीकडच्या वाड्याच्या वरून सुरू, खिडक्या विसरून जायचं, सज्जा, खांब, ओटा सगळं एकात, खाली रस्त्यावर आडवं, आणि ओलं असतानाच खालच्या बाजूला ऑकर किंवा लाल टोचायचा. हे खालचं गरम टोचणं म्हणजे या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. उन्हातला रस्ता वर उजेड फेकतो आणि तो सावलीतल्या भिंतीच्या पोटाला लागतो. सावली वर निळसर, कारण वरून आकाश बघतंय, आणि खाली गरम, कारण खालून रस्ता बघतोय. भांडी बाजारात तर तांब्यापितळेच्या दुकानासमोर ही सावली अक्षरशः नारंगी होते, एकदा मुद्दाम उभी राहून बघ. सावलीत रंग असतो हे पॅरिसच्या मंडळींनी ठासून सांगितलं, पण त्यासाठी त्यांच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, हंड्यांच्या उतरंडीशेजारी दोन मिनिटं थांबलं की पुरे.

माणसं शेवटी आणि तीही बसल्या बसल्या मोजून नाही. डोकं म्हणजे छोटा ठिपका, तू काढतेस त्याच्या निम्मा, खाली धड उलट्या गाजरासारखं निमुळतं, एक पाय लांब एक आखूड म्हणजे चालतोय. पाय ओल्या सावलीत सोडून द्यायचे, कड पुसायची नाही, ती स्वतः विरघळते. सपाट रस्त्यावर तू उभी असशील तर साधारण तुझ्या उंचीच्या सगळ्यांची डोकी एका रेषेत येतात, जवळचा असो की लांबचा, फक्त पाय वर खाली होतात. पण सराफ बाजाराकडून नदीकडे उतार आहे, तिथे हा नियम लावलास की माणसं उडतात. उतारावर लांबचा माणूस खाली गेलेला असतो, त्याचं डोकं तुझ्या डोळ्याच्या रेषेखाली जातं. तुझ्या चित्रात गर्दी तरंगते म्हणालीस ना, ते बहुतेक यामुळे.

काही वर्षांपूर्वी असंच एका ओट्यावर बसून करत होते, त्या घरातल्या काकू मागे उभ्या राहून बघत होत्या. मी लांबच्या दुकानापाशी एक फटकारा ओढला, करड्या रंगाचा, जरा डावीकडे झुकलेला, हातात पिशवी म्हणून एक टिंब. काकू लगेच म्हणाल्या, "अगं बाई, हे आमचेच की, गुडघा धरतो ना त्यांचा, असेच चालतात." सेंटिमीटरभराचा फटकारा होता तो. चेहरा नाही, चष्मा नाही, काही नाही. झुकाव बरोबर पडला होता फक्त. तेव्हापासून मी ठिपक्यावर जास्त वेळ घेते, ओढायच्या आधी, ओढताना नाही. ब्रश भरून हातात धरते आणि माणूस अजून चार पावलं चालू देते. तुला रझांच्या चित्रात हेच बघायला सांगेन, कुठला ठिपका ओझं वाहतोय, कुठला घाईत आहे, कुठला नुसता उभा आहे. सगळे सारखे असतील तर तुझी टीका खरी, पण मला नाही वाटत तसं दिसेल.

प्रिंटवर फार विसंबू नकोस. प्रिंटमध्ये अल्ट्रामरीनचे दाणे कागदाच्या खळग्यात बसलेले दिसत नाहीत, कुठे पाणी मागे आलं ते कळत नाही, आणि चित्र केवढं मोठं आहे ते तर कळतच नाही. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, मुंबईत एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) किंवा जहांगीर आर्ट गॅलरीकडे जुन्या जलरंगांचं काही लागलं की जा, आणि चित्राच्या समोरून नाही तर जरा तिरकं उभं राहून बघ, ब्रश कुठल्या क्रमाने फिरला ते कडांवरून कळतं.

आणि तोवर एक कर, पुढचे चार रविवार एकच जागा. दहीपुलाच्या अलीकडे किंवा भांडी बाजाराच्या तोंडाशी, जिथे तुला बसायला ओटा मिळेल तिथे. पहिल्या रविवारी रंग नकोच, फक्त अल्ट्रामरीन आणि सिएनाचा एक ग्रे, पोस्टकार्डाएवढे सहा कागद, प्रत्येकाला दहा मिनिटं, त्यात एकच गोष्ट, सावलीचा जोडलेला आकार. खिडकी नाही, पाटी नाही, विजेच्या तारा नाहीत. माणसं आली तर त्याच ग्रेमध्ये. दुसऱ्या रविवारी तेच, पण खाली ऑकर टोचून. ते सहा आणि हे सहा घरी भिंतीला लावून लांबून बघ, आणि जिथे सावली तुटली असेल तिथे पेन्सिलने गोल कर. मग तिसऱ्या रविवारी मोठा कागद घे. मी त्या दिवशी साडेआठला कापड पेठेच्या बाजूने येईन, पाण्याच्या दोन बाटल्या आण, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घालायला, चिखलाचं निम्मं कारण तिथेच जातं.